घोड्याची वाट, यंत्राचा डोळा

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात मराठी माणूस शिरला की त्याचे पाय बहुधा एका चित्रापाशी थबकतात. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी रंगवलेली ती तरुणी, तिच्या हातातला दिवा आणि ज्योतीला आडोसा करणाऱ्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. पुष्कळांना हे चित्र रविवर्म्याचं वाटतं. ते आपल्या कोकणातल्या चित्रकाराचं आहे हे कळलं की मन सुखावतं आणि बाकीची दालनं भराभर उरकली जातात. पण याच वास्तूच्या भिंतींवर खेळांचे पट रंगवलेले आहेत. मोबाइलवरच्या खेळांविषयी लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

हे पट ज्यांच्या ध्यासातून आले ते तिसरे कृष्णराज वाडियार 1799 साली गादीवर बसले तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. टिपू श्रीरंगपट्टणला पडला आणि ईस्ट इंडिया कंपनीने जुन्या राजघराण्यातल्या या मुलाला सिंहासनावर बसवलं. 1831 मध्ये कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. तिथून 1868 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल 37 वर्षं, हे राजे राज्याविना राजे होते. त्या वर्षांत त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. ‘श्रीतत्त्वनिधि’ हा नऊ भागांचा सचित्र ग्रंथ त्यांच्या आश्रयाने सिद्ध झाला. त्याच्या शेवटच्या ‘कौतुकनिधी’त 122 योगासनांच्या आकृत्या आहेत आणि खेळही आहेत. गंजिफा या पत्त्यांच्या खेळातल्या पानांचे 13 प्रकार त्यांनी स्वतः बेतले. बुद्धिबळाचा तर त्यांना छंदच जडला होता.

त्या छंदातलं सर्वात अवघड कोडं घोड्याच्या फेरीचं. रिकाम्या पटावर एकच घोडा ठेवायचा आणि त्याला अडीच घरांच्या चालीने असं फिरवायचं की चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घरी तो एकदाच जाईल. हे जमवणारे पुष्कळ झाले. कृष्णराजांची हौस पुढची होती. घोडा ज्या क्रमाने घरं घेतो ते 1 ते 64 आकडे त्या त्या घरात मांडले, तर प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या रांगेची बेरीज सारखीच, 260, यायला हवी. अशी एक फेरी त्यांच्या नावावर आहे. कागद, लेखणी आणि वेळ यांखेरीज हाताशी दुसरं काही नव्हतं.

मग कर्णांवरची बेरीजही 260 येईल अशी फेरी असू शकेल का? या प्रश्नाचं उत्तर मिळायला ऑगस्ट 2003 उजाडावा लागला. झाँ-शार्ल मेरिन्याक यांनी लिहिलेला प्रोग्राम गुंटर स्टर्टनब्रिंक यांच्या साथीने अनेक संगणकांवर चालवण्यात आला. एकसष्ट दिवसांहून जास्त गणनकाळ खर्ची पडला आणि निकाल हाती आला : आडव्या-उभ्या रांगा जुळणाऱ्या मूळ फेऱ्या 140, कर्णही जुळणारी एकही नाही. राजांनी जे कोडं हाताने सोडवलं, त्याचं सगळं रान यंत्राने पालथं घातलं. मात्र त्या यंत्राला पट दिसत नव्हता. त्याला पट ठाऊक होता तो आकड्यांच्या रूपात.

आज हॉस्टेलच्या खोलीत उशाशी चार्जरला लावलेला फोन रात्रभर स्वतःच खेळत राहतो, तेव्हा गोष्ट उलटी असते. खेळाच्या पोटातले आकडे कंपनीने कुलूपबंद ठेवलेले असतात. बाहेरच्या प्रोग्रामला, म्हणजे बॉटला, मिळतो तो फक्त पडद्यावरचा देखावा. त्याला माणसासारखंच आधी पाहावं लागतं, मग बोट टेकवावं लागतं.

हे पाहणं कसं असतं ते समजून घेण्याजोगं आहे. फोनच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला जातो. ‘लढाई सुरू’ किंवा ‘बक्षीस घ्या’ या बटणाचं छोटं कात्रण प्रोग्रामकडे आधीच ठेवलेलं असतं. ते कात्रण मोठ्या चित्रावर एका कोपऱ्यापासून सरकवत न्यायचं आणि प्रत्येक जागी किती जुळतं त्याचा गुण काढायचा. गुण ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला, समजा शंभरात नव्वद, की बटण सापडलं. त्या जागेच्या मध्यावर स्पर्शाची आज्ञा पाठवायची, क्षणभर थांबायचं, पुन्हा स्क्रीनशॉट. याला टेम्प्लेट मॅचिंग म्हणतात. त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं सामान ‘ओपनसीव्ही’ या मोफत संग्रहात तयार मिळतं. गॅरी ब्रॅडस्की यांनी इंटेलमध्ये 1999 साली ते काम सुरू केलं होतं.

ऐकायला सोपं, पण कष्ट यंत्राचे आहेत. 1080 गुणिले 1920 ठिपक्यांच्या पडद्यावर 100 गुणिले 100 ठिपक्यांचं कात्रण ठेवायला सुमारे 17 लाख 86 हजार जागा आहेत. प्रत्येक जागी दहा हजार ठिपके ताडून पाहायचे म्हणजे सतराशे कोटींच्या वर तुलना, त्याही एकाच बटणासाठी. म्हणून जाणते आधी दोन्ही चित्रं लहान करून घेतात. लांबी-रुंदी एक चतुर्थांश केली की हाच हिशेब सात कोटींवर येतो. शिवाय बटण पडद्याच्या खालच्या पट्टीतच असतं हे माहीत असेल, तर वरचा भाग धुंडाळायचाच कशाला? खेळाडूची नजर जे न सांगता करते, ते इथे ओळ-ओळ लिहून द्यावं लागतं.

आणि एवढं करूनही हा डोळा अगदी अधू असतो. फोन बदलला, पडद्याचा आकार बदलला, दिवाळीनिमित्त खेळाने बटणावर पणतीचं चित्र चढवलं, की कात्रण जुळेनासं होतं. रात्री दोनला मधेच ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ अशी चौकट आली, तर ती बंद करायचं ज्याला शिकवलेलं नाही तो बॉट सकाळपर्यंत तिच्यासमोर ताटकळत बसतो.

खरं पाहणं किती कठीण आहे याचा धडा म्हैसूरमध्येच, मानसगंगोत्रीच्या आवारात गिरवला गेला आहे. म्हैसूर विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने प्रतिमा ओळखण्याच्या संशोधनात दीर्घ काळ काम केलं. पुढे अलाहाबादच्या आयआयआयटीचे संचालक झालेले पी. नागभूषण इथले प्राध्यापक. इथलेच डी. एस. गुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली फुलांच्या छायाचित्रांवरून फूल ओळखण्याचं काम प्रसिद्ध केलं. पाकळीच्या पोतातली लक्षणं मोजायची आणि ओळखीच्या फुलांपैकी सर्वात जवळची कोणती ते पाहायचं, अशी ती रीत. खेळातलं बटण दर वेळी ठिपक्याला ठिपका तेच असतं. फुलाचं तसं नाही : एकाच वेलीवरची दोन फुलं सारखी नसतात, ऊन वेगळं, कोन वेगळा, कुणी अर्धं उमललेलं. मोगऱ्यासाठी नावाजलेल्या शहरात हा प्रश्न कुणाला पडावा यात नवल नाही. खेळाच्या बॉटचं कौतुक करताना हा फरक ध्यानात ठेवावा. त्याच्यासमोरचं जग कंपनीने आधीच सपाट करून ठेवलेलं असतं.

चित्र दाखवून संगणकाला काम सांगायची कल्पना खेळांतून आलेली नाही. 2009 साली एमआयटीमध्ये टॉम ये, त्सुंग-श्यांग चांग आणि रॉबर्ट मिलर यांनी ‘सिकुली’ नावाची पद्धत मांडली. बटणाचं नाव किंवा क्रमांक सांगण्याऐवजी त्याचा फोटोच प्रोग्राममध्ये चिकटवायचा, असं तिचं रूप होतं. मेक्सिकोतल्या हुइचोल लोकांच्या भाषेत ‘सिकुली’ म्हणजे देवाचा डोळा. अँड्रॉइडवर हा मार्ग हळूहळू मोकळा झाला. 2014 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅपला वापरकर्त्याच्या परवानगीने पडदा टिपता येऊ लागला. 2016 च्या सातव्या आवृत्तीत अपंगांच्या सोयीसाठी असलेल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेतून दुसऱ्या अ‍ॅपवर स्पर्श करता येऊ लागला. पाहणं आणि बोट लावणं, दोन्ही एका फोनच्या आत आलं. ‘फेट ग्रँड ऑर्डर’ या जपानी खेळासाठी लिहिलेलं ‘फेट ग्रँड ऑटोमाटा’ हे मोफत अ‍ॅप अशाच तऱ्हेने त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा लढत राहतं. त्याआधी ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’साठी संगणकावर फोनची नक्कल करणारं इम्युलेटर चालवून रात्रभर गाव राखणारे बॉट होतेच.

पण आपण होऊन निवडलेला खेळ माणूस यंत्राकडे का सोपवतो?

या खेळांच्या भाषेत एक शब्द आहे, ‘ग्राइंड’. मराठीत त्याला चपखल शब्द आधीपासून आहे : दळण. रोज हजेरी लावा, रोज पाच लढाया करा, रोज सोनं गोळा करा. चुकलात तर मालिका तुटते. त्यात डाव नसतो, विचार नसतो. खेळाडू परत यावा, पडद्यासमोर राहावा, कंटाळून अखेर पैसे मोजून पुढची पायरी विकत घ्यावी, यासाठी हे जातं मांडलेलं असतं. जात्यावर बसलेल्या बाईला निदान ओवी सुचत असे. पडद्यावरच्या या दळणात तेवढीही फुरसत ठेवलेली नाही. बॉट लिहिणारा मुलगा खेळातून पळ काढतो असं म्हणणं त्याच्यावर अन्यायाचं होईल. तो पळतो दळणातून, आणि बॉट लिहिण्याचा डाव त्याला त्या खेळापेक्षा जास्त आवडलेला असतो. पायथन, प्रतिमाप्रक्रिया, चुकीचा शोध घेण्याची चिकाटी हे सगळं त्याला इथे पहिल्यांदा आपलं वाटतं. इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्रामुळे देशभरची मुलं प्रोग्रामिंग शिकायला ज्या गावात येतात, तिथे हे सांगायला संकोच वाटू नये.

हे दळण आहे हे कंपन्याही जाणून आहेत. ‘लिनिएज 2 रेव्होल्यूशन’ या 2016 च्या कोरियन खेळात आपोआप लढण्याचं बटण खेळानेच दिलं होतं. म्हणजे आपोआप खेळणं हा काही मुळातला अपराध नव्हे. ते कुणी करायचं आणि कुणाच्या फायद्यासाठी, यावर वाद आहे.

त्याच सुमारास संशोधक यंत्राला कात्रणांविना खेळायला शिकवत होते. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीच्या चमूने फेब्रुवारी 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच प्रोग्रामने अटारीचे 49 जुने खेळ शिकून घेतले. त्याला दिलं होतं फक्त 84 गुणिले 84 ठिपक्यांचं चित्र आणि मिळालेले गुण. बटण कोणतं, शत्रू कोण, काही सांगितलं नव्हतं. चेंडूने विटा फोडण्याच्या खेळात त्याने भिंतीला कडेने बोगदा पाडून चेंडू मागे सोडायची युक्ती स्वतःच शोधली. ‘माँटेझुमाज रिव्हेंज’मध्ये मात्र त्याचे गुण शून्य. तिथे आधी शिडी उतरायची, कवटी चुकवायची, किल्ली घ्यायची आणि मग दार. मधल्या वाटेवर शाबासकी नाही. डोळा होता, पण धीर धरून पुढचं पाहणं जमत नव्हतं.

आता पत्त्यांकडे वळू, कारण खरी दुखरी जागा तिथे आहे. गंजिफाशी मराठी वाचकाचं नातं सावंतवाडीमुळे. तिथली दशावतारी गंजिफा 120 पानांची, दहा अवतारांची बारा-बारा पानं. म्हैसूरची गंजिफा ही राजांनी वाढवलेली तिची बहीण. गंजिफा रघुपती भट्ट यांच्यासारख्या चित्रकाराने ती कला पुन्हा उभी केली. दोन्हीकडे पान हाताने रंगवतात. समोरच्या बाजूचा मत्स्य किंवा कूर्म पानागणिक थोडा निराळा उतरतो, पाठ मात्र एकरंगी, सारखी राहील याची काळजी घेतात. पाठीवरून पान ओळखता आलं तर खेळच संपला. न्यायाची सगळी भिस्त त्या पाठीवर आहे.

मोबाइलवरच्या रमीत पान ठिपक्याला ठिपका तेच, त्यामुळे ते ओळखणं प्रतिमाप्रक्रियेतलं सर्वात सोपं काम. पन्नासेक कात्रणं पुरतात. बॉट टाकलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवतो, उरलेल्या पानांची शक्यता मांडतो, थकत नाही. समोरच्याला वाटतं आपण एका माणसाशी खेळतोय. एकट्याच्या खेळात बॉटने सोनं गोळा केलं तर नुकसान झालंच तर कंपनीचं. पैसे लावून खेळायच्या रमीत मात्र कुणाच्या तरी पगारातले पैसे जात. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांचा डोलारा पुढे याच शब्दावर उभा राहिला. पण टेबलावर यंत्र बसलं असेल तर ते कौशल्य कुणाचं? कर्नाटकाने 2021 मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. 14 फेब्रुवारी 2022 रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई केली.

पैसे नसतानाही फसवणूक जिव्हारी लागते. जून 2021 मध्ये कोविडसाठी निधी उभारायला विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळले. त्यात बेंगळुरूच्या एका उद्योजकाने त्यांना हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी आपण जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतल्याचं कबूल केलं. आनंद एवढंच म्हणाले की आपण पटावरची स्थिती पाहून खेळलो. कर्नाटकाचा पहिला ग्रँडमास्टर, एम. एस. तेजकुमार, 2017 साली म्हैसूरने दिला. त्या पदापर्यंत पोचायला आयुष्यातली किती वर्षं पटासमोर घालवावी लागतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना फोनने पटाचा फोटो काढून चाल विचारणारी अ‍ॅप पाहून वाईट वाटल्याशिवाय राहणार नाही.

मग बॉट पकडतात कसे? त्याच्या हातावरून. माणूस एकच बटण शंभरदा दाबेल तर शंभर ठिकाणी दाबेल, कधी घाईने, कधी रेंगाळत. बॉट बरोबर मध्यावर, बरोबर तेवढ्याच वेळाने. म्हणून बॉट लिहिणारे मुद्दाम थोडी चूक मिसळतात : बोट चार ठिपके इकडे, थांबणं अर्धा सेकंद जास्त. मग कंपनी पाहते की हा खेळाडू सलग वीस तास जेवला-झोपला कसा नाही. पकडला गेला की खातं बंद, वर्षांची कमाई गेली. बॉट विकण्याचा धंदा करणाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट कोर्टापर्यंतही जाते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ब्लिझार्डने बोसलँड या जर्मन कंपनीविरुद्ध 2017 मध्ये अमेरिकेत सुमारे 85 लाख डॉलरांचा निवाडा मिळवला.

खातं जाणं हा त्यातला लहान धोका. बॉटचं अ‍ॅप प्ले स्टोअरबाहेरून उतरवायचं आणि त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची म्हणजे पडद्यावरचं सगळं पाहण्याची आणि कुठेही बोट लावण्याची मुभा द्यायची. तो डोळा खेळ संपल्यावर मिटत नाही. बँकेचं अ‍ॅप उघडलं की तेही त्याला दिसतं. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडून खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. फोनचा ताबा परक्या अ‍ॅपकडे देण्याचा धोका तिथे आणि इथे सारखाच आहे. 2022 च्या तेराव्या अँड्रॉइडपासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजी मिळू नये असा अडसर घातला गेला, तो याचसाठी. घरातल्या मुलाच्या फोनवर असा बॉट दिसला तर त्याला रागावण्याआधी त्याने ही एक परवानगी कुणाला दिली आहे ते त्याच्याबरोबर बसून पाहावं.

खेळ बनवणाऱ्यांना मात्र हाच डोळा रोज लागतो. युनिटीसारख्या इंजिनात बनवलेला खेळ सगळा देखावा एकाच पृष्ठावर रंगवतो. अँड्रॉइडच्या नेहमीच्या चाचणी साधनांना तिथे बटण म्हणून काही सापडतच नाही, नुसतं चित्र दिसतं. म्हणून नेटईज या चिनी कंपनीने ‘एअरटेस्ट’ हे चित्र ओळखून चाचणी घेणारं साधन खुलं केलं आणि 2018 मध्ये गूगलच्या साथीने ते खेळ बनवणाऱ्यांच्या जागतिक परिषदेत मांडलं. नवी आवृत्ती आली की शेकडो फोनांवर तोच खेळ उघडायचा, तीच वाट चालायची, कुठे अडतो ते टिपायचं. पूर्वी हे काम कमी पगारावर तरुण मुलं रात्रपाळीत करत. हे दळण यंत्राने दळलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

आणि एक उपयोग असा आहे की ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप व्हायलाच हवा होता. अमेरिकेतले लान्स कार हे व्हिडिओ गेमचे खेळाडू. स्नायूंच्या आजारामुळे त्यांचे हातपाय हलत नाहीत. त्यांच्यासोबत काम करून गूगलने मे 2023 मध्ये ‘प्रोजेक्ट गेमफेस’ जाहीर केलं. इथे कॅमेरा पडद्याकडे पाहत नाही, खेळाडूच्या चेहऱ्याकडे पाहतो. डोकं वळलं तशी पडद्यावरची खूण सरकते. तोंड उघडणं, भुवई उचलणं यांचा स्पर्श होतो. चेहऱ्याच्या 52 हालचाली हे तंत्र वाचू शकतं आणि कोणती हालचाल किती ठळक असली की मोजायची, हे ज्याने त्याने आपल्यापुरतं ठरवायचं. मे 2024 मध्ये ते अँड्रॉइडसाठी खुलं झालं. तेव्हा भारतात अपंगांसाठी काम करणाऱ्या ‘इन्क्लुझा’ या संस्थेला सोबत घेऊन, खेळाबाहेर अभ्यास आणि नोकरीच्या कामातही ते कसं वापरता येईल याचा शोध सुरू झाला.

यासाठी महाग यंत्र लागत नाही, साध्या फोनचा पुढचा कॅमेरा चालतो. स्टँडवर फोन, त्यात बुद्धिबळाचा पट. मान किंचित उजवीकडे झुकते, खूण सरकत सरकत घोड्यावर येते. ओठ उघडतात, घोडा उचलला जातो. मान वर, थोडी डावीकडे. ओठ पुन्हा उघडतात आणि घोडा अडीच घरांवर जाऊन बसतो.